आईच्या नावाचा केसपेपर

लग्न लागलं, जेवणं उरकली आणि मी टेम्पोत चढले, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आई आता गळ्यात पडून रडणार. ती रडली नाही. पदर सारखा करायच्या निमित्तानं जवळ आली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "खोकला आला तरी दाबून धर. ठसका लागला सांगायचं." बाकीच्यांच्या आया लेक सासरी जाताना काय काय सांगतात, माझ्या आईनं खोकला लपवायचा कसा ते सांगितलं. टेम्पो जांभूळ गावाच्या पुढं गेला तसा धुरळा नाकातोंडात जायला लागला. मी तोंडावर रुमाल गच्च धरून बसले. नवऱ्याला वाटलं, मी रडतेय.

खरं तर तेव्हा मला खोकला नव्हताच. बरी होऊन दोन वर्षं झाली होती.

गावात राहिलेल्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्या उल्हासनगर-अंबरनाथला नांदायला आलेल्यांनो, यातलं निम्मं तुम्हांला ठाऊक आहे, कारण तुमच्याही आयांनी हेच केलं. आपला तो दोन खोल्यांचा दवाखाना आठवा. आपली बौद्धवाडी आणि कुणब्यांची आळी, दोन्हींना तोच एक. बदलापूरहून डॉक्टर स्कूटरवरून आठवड्यातून तीनदा यायचे, सिस्टरबाई तिथंच मागच्या बाजूला राहायच्या. पाणी भरायच्या जागा वेगळ्या होत्या, पण दवाखान्याच्या बाकावर सगळ्या बाया मांडीला मांडी लावून बसायच्या. आणि सगळ्यांचा एक नियम सारखा होता. लग्नाच्या मुलीचा केसपेपर काढायचा नाही. मुलीला काहीही होवो, पाळी चुको, फीट येवो, अंगावर चट्टा उठो, कागद आईच्या नावानं निघायचा. डॉक्टर तपासायचे मुलीला आणि लिहायचे आईचं नाव. त्यांनी सुरुवातीला आरडाओरडा केला म्हणे, मग दमले. मुलीच्या नावाचा कागद निघाला की चार दिवसांत पाहुण्यांपर्यंत बातमी जायची, हे त्यांनाही कळलं होतं. आपल्या गावातल्या आया कागदावर भलत्याच आजारी होत्या.

मला सतराव्या वर्षी टीबी झाला. बाबा आधीच गेले होते, घरात आम्ही दोघीच. रोज सकाळी आई बाहेरच्या बाकावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं खोकायची, आणि मी सिस्टरबाईंच्या मागच्या खोलीत इंजेक्शन घ्यायचे. तीन महिने. डोकं गरगरायचं, भिंत धरून घरी यायचे. पुढं वर्षभर गोळ्या. गावातल्या बायांनी आईच्या हातचा चहा बंद केला, तिचा पेला वेगळा ठेवला. कुठं बारसं असलं की आईला दाराजवळ बसवायच्या. ती बसायची. मला मात्र कोणी काही म्हटलं नाही. मला बघायला आले तेव्हा सासरच्यांनी विचारलंच, "आईला आजार होता म्हणे?" आई म्हणाली, "मला व्हता. पोरगी साफ हाय." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, आणि मला बरं वाटलं होतं. लाज नाही वाटली, बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

उल्हासनगर कॅम्प एकमध्ये आमची बराकीतली खोली. नवरा अंबरनाथच्या कारखान्यात फिटर. मी घरी जीन्सचं धागा कटिंग करायला शिकले, शेजारच्या सिंधी मावशींशी हिंदी बोलायला शिकले, भाजीवाल्याशी भांडताना 'भैया, सही बोल ना' म्हणायला शिकले. गावाकडचं 'नाय' जाऊन 'नाही' कधी आलं ते कळलं नाही. दोन मुलं झाली. बाळंतपणात सगळ्या तपासण्या माझ्या स्वतःच्या नावानं झाल्या, तेव्हा कागदावर आपलं नाव बघून चमत्कारिक वाटलं. 'आधी काही मोठा आजार?' असं विचारलं की मी 'नाही' म्हणायचे. पाठ झालं होतं ते.

आठ-नऊ वर्षांनी आई खरंच खोकायला लागली. आम्ही दोघं गावी गेलो, तिला दवाखान्यात नेलं. जुने डॉक्टर वारले होते, सिस्टरबाईंची बदली झाली होती. नवे डॉक्टर तरुण, फार व्यवस्थित. त्यांनी कपाटातून आईचा जुना केसपेपर शोधून काढला. पिवळा पडला होता, पण अक्षर स्वच्छ. त्यांनी तो पूर्ण वाचला, एक्सरे उजेडात धरला आणि म्हणाले, "हा तुमचा जुनाच टीबी उलटलाय. हल्ली पहिल्यांदा झालेल्याला नुसत्या गोळ्यांवर भागतं. उलटलेल्याला परत इंजेक्शनं द्यावी लागतात. या वयात ती कानाला बाधतात, म्हणून नीट विचारतो. आधी नक्की पूर्ण कोर्स घेतला होता ना?"

आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "घेतला. तीन मैने सुया, मंग वरीसभर गोळ्या."

मी तिच्या खुर्चीच्या मागं उभी होते, माझ्या शेजारी नवरा. तोंड उघडायचं एवढंच काम होतं. 'डॉक्टर, ती मी.' तीन शब्द. मनात आलं, नवरा घरी सासूबाईंना सांगेल, सासूबाई जावांना सांगतील, मुलांच्या ताटवाट्या वेगळ्या होतील. मनात आलं, कानाला बाधतात म्हणजे सगळ्यांनाच बाधत नसतील, मला कुठं काय झालं. असं पुष्कळ मनात आलं. डॉक्टरांनी लिहायला घेतलं आणि मी गप्प राहिले.

इंजेक्शनं सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मी भेटायला गेले तर आई भिंत धरून चालत होती. कानात भुंगा घुमतो म्हणाली. मी म्हटलं, "डॉक्टरांना सांग, त्यांनी सांगितलंय लगेच सांगायला." ती हसली. "तुला नवती का चक्कर येत? गेली ना? माजी बी जाईल." माझ्या आजारावरून ती स्वतःचा आजार ओळखायला गेली. मी निदान तेव्हा तरी धावत जायला हवं होतं दवाखान्यात. मी म्हटलं, पुढच्या खेपेला जाऊ. घरी मुलांची परीक्षा होती. पुढच्या खेपेला मी दारातून 'आई' म्हणून हाक मारली आणि ती पाठमोरी तांदूळ निवडतच राहिली.

टीबी बरा झाला. डॉक्टर खूश होते. कान गेले ते गेलेच. आईला मी उल्हासनगरला आणलं. ती सकाळपासून कॉटच्या कोपऱ्यात बसायची, आमच्या तोंडांकडं बघत. लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळं पाटीवर लिहून दाखवायची सोय नाही. जेव, झोप, आंघोळ कर, एवढं हातवाऱ्यांनी कळायचं. नातवंडं आधी कानाशी ओरडायची, मग कंटाळली.

एका रविवारी नवरा तिला काहीतरी समजावत होता, तिला कळत नव्हतं, आणि तो वैतागून म्हणाला, "च्यायला, त्या इंजेक्शनांनी वाट लावली हिची." मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. धागे कापायची कात्री खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मागची खोली, बाक, केसपेपर, सगळं. म्हटलं, आता काढा घराबाहेर.

तो माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "एवढंच? अगं, आमच्या ताईला झाला होता. लग्नाआधी. आईच्या नावावर औषधं काढली होती आम्ही. मीच जायचो आणायला." आणि थोड्या वेळानं, हळू, "तेव्हा बोलायचं होतंस गं तिथं."

मला रडू फुटलं. आई आमच्याकडं बघत होती. तिनं माझं रडणं पाहिलं, जावयाचा उतरलेला चेहरा पाहिला आणि तिला वाटलं, झालं, बिंग फुटलं, पोरीला आता टाकणार. ती कॉटवरून उतरली, भिंतीला धरून त्याच्यापुढं आली आणि हात जोडून बोलायला लागली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. "जावय, माज्या पोरीला कदी काय नवतं! तो आजार माजा! कागद बगा, माजंच नाव हाय कागदावं!"

"आई, नाही, तसं नाही," तो तिचे हात धरून म्हणत होता. मी जोरजोरात मान हलवत होते. आमचं 'नाही' तिला 'विश्वास नाही' असं दिसलं. ती आणखी मोठ्यानं ओरडली. अख्ख्या बराकीला ऐकू गेलं. सिंधी मावशी दारात येऊन म्हणाल्या, "क्या हुआ अम्मा को? क्या बोल रही है?" आई वाकून त्याच्या पायाला हात लावायला गेली, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तिला उचलून कॉटवर बसवलं. त्यानंतर ती जेमतेम वर्षभर जगली, आणि ते सगळं वर्ष तो कामावरून घरी आला की आधी त्याचा चेहरा निरखायची.

आता आम्ही बदलापुरात शिरगावला फ्लॅट घेतलाय. इथून गाव पाऊण तासावर, उल्हासनगरहून होतं त्यापेक्षा जवळ. मी जात नाही. मुलगी विचारते, आई, तुझं माहेर कसं होतं गं? काय सांगू? माहेर म्हणजे एक बाई होती. माझं दुखणं तिनं अंगावर घेतलं आणि मी ते तिच्या अंगावरच ठेवून निघून आले. माझ्याभोवती आता चार खोल्या आहेत, माणसं आहेत, आणि मला कोणी घराबाहेर काढलेलं नाही. काढणारही नव्हतं कोणी. तेवढं एक वाक्य आईला सांगायचं राहिलं, आणि तिला ऐकू येत होतं तेव्हा ते मलाच माहीत नव्हतं.