एकासनऊ

सकाळपासून आभाळ भरून आलं होतं, पण झाडाचं पान हलत नव्हतं. अशा दिवशी इस्पितळाच्या तळघरातल्या त्या खोलीत हायपोचा, जंतू मारायच्या त्या औषधाचा, वास मुक्कामालाच यायचा. नाकातून शिरायचा आणि डोळ्यांतून बाहेर पडायचा. मापबाईनं खिडकीला विटेचा तुकडा लावला, रबरी हातमोजे कोपरापर्यंत ओढले आणि निळ्या कॅनचं झाकण पिळलं. एक माप हायपो, नऊ मापं पाणी. माप भरलं की ती ते डोळ्यांसमोर धरून रेघ बघायची. चौदा वर्षांत रेघेच्या वर ना खाली.

एकास नऊ हे प्रमाण आहे, हे सगळे कधीच विसरून गेले होते. ते आता त्या पाण्याचं नावच झालं होतं, एका दमात म्हणायचं, एकासनऊ. फरशी पुसायला एकासनऊ, रक्त सांडलं तर एकासनऊ, खाटांच्या दांड्यांना एकासनऊ.

"मापबाई, दोन बादल्या एकासनऊ दे," दुसऱ्या मजल्यावरच्या मावशीनं बादल्या आपटल्या. "अन् भर काठोकाठ. काल हात आखडलास."

"तुझ्या माहेरची विहीर आहे का गं ही?"

"माझ्या माहेरच्या विहिरीला इतका घाण वास नव्हता!"

दोघी हसत होत्या तेवढ्यात स्वच्छतेचा इन्स्पेक्टर नाकाला रुमाल लावून दारात आला. आत आलाच नाही. उंबऱ्याबाहेरूनच त्यानं कागद पुढं केला.

तीन वॉर्डांतल्या बादल्या तपासल्या होत्या. हायपो एक टक्का हवा तिथं अर्धा टक्का निघाला होता. कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा, असं लिहून खाली सहीसाठी रेघ आखलेली, आणि रेघेपाशी पेन्सिलीची फुली.

"उद्या दुपारी सही करून आणायचा. सोमवारपासून तुम्ही कचऱ्याच्या गाडीवर."

"मी माप चुकवत नाही, साहेब."

"मग काय मशीन खोटं बोलतं? कंटाळा आला की पाणी जास्त ओततात, सगळं माहीत आहे आम्हाला."

मावशी बादल्या उचलून निघून गेली. मापबाईनं कागद घेतला. कचऱ्याच्या गाडीचं तिला वावडं नव्हतं, ती कामाला भिणारी बाई नव्हेच. पण मापबाई हे नाव तिनं कमावलेलं होतं, आणि हा माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहून ते पुसून टाकत होता.

तो गेल्यावर तिनं खोलीतली एकेक वस्तू पालथी घातली. माप तेच. टब तेच. कॅन निळाच, त्यावर थेंबाचं चित्रही तेच. फडकी वाळत घालायचे चिमटे ठेवलेला एक जुना रिकामा कॅन कोपऱ्यात होता. तो तिनं सहज शेजारी ओढला आणि तिची नजर अडकली. जुन्यावर दहा टक्के. नव्यावर पाच.

"अरे मेल्यांनो," ती भिंतीला म्हणाली.

पण पुढं काय? कॅन हलका आला, इतकं कळलं. त्यानं नेमकं काय आणि किती बिघडलं, हे तिला सांगता येईना. टक्का कशाचा, कशातला, हे चौदा वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. एक माप हे, नऊ मापं ते, जास्त डोकं चालवू नका. उद्या इन्स्पेक्टरनं एक उलटा प्रश्न विचारला तर तिची बोबडी वळणार होती.

हे समजावून सांगणारं माणूस तिच्या ओळखीत एकच होतं आणि नेमकं त्याचंच तोंड तिला बघायचं नव्हतं. तिची नणंद शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तीन वर्षांपूर्वी सगळ्या पाहुण्यांसमोर ती म्हणाली होती, वहिनीला हिशेबातलं काय कळतंय. तेव्हापासून मापबाईनं तिच्या घराची पायरी चढली नव्हती. त्या संध्याकाळी चढली, दोन्ही हातांत दोन कॅन घेऊन.

नणंद टेबलाशी वह्या तपासत होती. "वहिनी? आज सूर्य कुठून उगवला? अन् हे काय, रॉकेल विकतेस का आता?"

"वन्सं, टोमणे नंतर मारा. मला टक्का शिकवा."

नणंदेनं कागद वाचला, कॅन फिरवून बघितले आणि लाल पेन्सिल कानामागून काढली. "कॅनमध्ये काय असतं?"

"हायपो."

"नुसता?"

"मग काय, दूध?"

"शंभर भागांत दहा भाग हायपो. उरलेले नव्वद पाणीच. दहा टक्के म्हणजे तेवढंच."

मापबाई उभीच राहिली. "म्हणजे चौदा वर्षं मी पाण्यात पाणी घालतेय?"

"सगळं जग तेच करतं. किती घालायचं, एवढीच अक्कल लागते. आता नवा कॅन पाचचा. तर पाणी किती?"

"दम अर्धा, तर पाणी अर्धं. नऊचं अर्धं साडेचार."

"चूक."

"चूक कशी? अर्धं म्हणजे अर्धंच ना!" ती भडकली. "की मला काही कळतच नाही?"

"ओरडू नकोस, मोज. एक न् नऊ, दहा भागांची बादली. दम निम्मा झाला की पाणी निम्मं करायचं नाही, अख्खी बादली निम्मी करायची. पाच भागांची. त्यातला एक भाग हायपोनं अडवला. उरलं?"

मापबाईनं बोटं मुडपली. "चार."

"कॅनवरचा आकडा भागिले हवा तो आकडा. येईल तेवढ्या भागांची बादली. त्यातून कॅनचा एक वजा कर, राहील ते पाणी. कॅन बाराचा आला तर?"

"बारा भागिले एक, बारा. एक गेला. अकरा."

"पाचच्या कॅनमधून अर्धा टक्का करायचा तर?"

पाचात अर्धे किती, दहा. एक वजा. मापबाईचा हात हवेतच थांबला. "नऊ."

"बघ. कागदावर अर्धा टक्का लिहिलंय. पाचच्या कॅनला एकास नऊ केलं की बरोब्बर अर्धाच निघतो. तुझा हात केसभरही चुकलेला नाही, वहिनी." नणंद वह्यांकडे बघत म्हणाली, "हे मी त्या पाहुण्यांसमोरही सांगीन."

"पाहुण्यांचं राहू द्या. आणखी चार गणितं घाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मापबाई दोन्ही कॅन घेऊन ऑफिसात गेली. टेबलामागं मोठ्या सिस्टर, बाजूला इन्स्पेक्टर, आणि दाराशी स्टोअरवाला, बोलावणं कशाला आलं ते न कळलेला. तिनं कॅन टेबलावर ठेवले, ठेवले कसले, आदळले.

"तुमचा रिपोर्टच सांगतोय, माझं माप बरोबर आहे. पाच भागिले अर्धा, दहा. एक कॅनचा, नऊ पाणी. मी नऊच घातलं. कॅन कुणी बदलला ते विचारा."

स्टोअरवाला पुटपुटला, "दोन महिने झाले. दहाचा येईना झाला. मी रजिस्टरात लिहिलं होतं."

"रजिस्टर तळघरात येतं का चालत?"

इन्स्पेक्टर खाकरला. "असं असेल तर साधी गोष्ट आहे. कॅन अर्ध्या ताकदीचा, पाणी अर्धं करायचं. एकास साडेचार. एवढं तुम्हाला सुचायला हवं होतं."

"चार," मापबाई म्हणाली.

"काय?"

"साडेचार नव्हे, चार. काल मीही तुमच्यासारखीच चुकले. पण मी त्यावर कुणाला कचऱ्याच्या गाडीवर नाही पाठवलं."

मोठ्या सिस्टरनी कागदाच्या कडेला आकडेमोड केली आणि चष्मा काढला. "चारच," त्या म्हणाल्या.

"बरं बरं, तो कागद राहू द्या इथं," इन्स्पेक्टर म्हणाला. "गैरसमज झाला. जा तुम्ही."

"राहू द्या कशाला? रद्द लिहा. अन् खाली सही तुमची."

तिचा आवाज चढला होता, आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. मोठ्या सिस्टरनी पेन पुढं सरकवलं. इन्स्पेक्टरनं रद्द लिहून पेन्सिलीच्या फुलीवरच सही केली. कागद घडी करून तिनं ब्लाउजात खोचला. तरी ती हलेना.

"दोन महिने आम्ही निम्म्या दमाच्या पाण्यानं जखमांच्या वॉर्डातल्या खाटा पुसल्या. कुणाची जखम चिघळली, कुणाचं काय झालं, ते कोण बघणार?"

इन्स्पेक्टर खिडकीबाहेर बघू लागला. स्टोअरवाला चपलेकडे. मोठ्या सिस्टरनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "बघते मी," त्या म्हणाल्या, पण कुणाकडे न बघता.

कागद मिळाला होता. राग मात्र जिन्यावरून तिच्याबरोबरच उतरला, एकेक पायरी धाडधाड करत. तळघरात कालचं निम्म्या दमाचं पाणी तीन टबांत भरून उभं होतं. तिनं बुचं काढली. पाणी गुडगुड करत मोरीत गेलं. मग हातमोजे चढवून तिनं टबाच्या बुडाला ब्रश लावला आणि कडेचा पांढरा थर घासायला बसली.