मेहुणीची बाटली

प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना सगळे 'तराजू' म्हणत. मिलिग्रॅमची चूक त्यांना सहन होत नसे, दुसऱ्याचं कौतुक तर त्याहून नाही. त्यात मेहुणीला इथे चिकटवलं होतं ते त्यांनीच. म्हणजे कुरकुरायचीही सोय उरली नव्हती.

काम असं: छोटे रेणू गरम पाण्यात विरघळवायचे आणि बाटली न हलवता निवू द्यायची. निवताना रेणू आपसूक एकमेकांना धरतात आणि शरीरातल्या प्रथिनांसारखे लांबच लांब धागे तयार होतात. धाग्यांच्या जाळ्यात पाणी अडकलं की जेली झाली. मग बाटली उलटी करायची. पडली नाही, तर जमलं. प्रमुख बाईंनी सांगून ठेवलं होतं, "ज्याची जमेल, त्याचं नाव शोधनिबंधात." तराजूंचं नाव आजवर फक्त हजेरीपटावर आलं होतं.

त्यांनी आपली बाटली दर दहा मिनिटांनी उचलून पाहिली. रेणूंना एवढी देखरेख मानवत नाही. मेहुणी बाटली ठेवून विसरली, जेवून आली, उलटी केली. जमली होती.

"भावोजी, बघा ना."

"बघितली," ते म्हणाले. मान वर केली नव्हती.

ती बाईंना बोलवायला गेली. तराजूंनी तिची बाटली उचलली आणि गदागदा हलवून एकोणीस वर्षांचं सगळं त्या बाटलीवर काढलं. जेलीचं पाणी झालं. बाटली जागेवर ठेवून ते स्वच्छ चंचुपात्रं पुन्हा पुसू लागले.

बाई कुठल्याशा बैठकीत अडकल्या होत्या. पाऊण तासाने आल्या, बाटली उलटी केली. थेंबही पडला नाही.

तराजूंच्या हातातलं फडकं थांबलं. मोडलेले धागे आपले आपणच पुन्हा जुळले होते. ही गोष्ट साध्या जेलीपेक्षा कितीतरी मोठी होती, आणि ती खोलीत फक्त त्यांनाच ठाऊक होती. गप्प बसलं, तर अब्रू वाचत होती. पण उद्या हिने सहज हलवून पाहिलं, की हाही शोध हिचाच.

अब्रू गेलेली परवडली.

"मी हलवली होती," ते म्हणाले. "पार पाणी केलं होतं."

मेहुणी त्यांच्याकडे बघत राहिली. "बघायला हलवलीत भावोजी, की मोडायला?"

बाईंनी वही उघडली. "ते घरी भांडा. किती वेळ हलवलीत?"

"हात दुखेपर्यंत."

"मग पुन्हा हलवा. या वेळी घड्याळ लावून."

निबंध छापून आला. त्यांनी अंक घरी आणून बायकोपुढे ठेवला. तिने चष्मा लावला.

"अरे वा," ती म्हणाली, "आमच्या धाकटीचं नाव आलंय की."

तराजूंनी बोटाने धाकटीच्या नावानंतरचं आपलं नाव दाखवलं.