ओल्या पट्टीचा इलाज

रंगरुटांची नजर अधू का होते, याचं एक कारण मला खात्रीनं ठाऊक आहे. ते कारण म्हणजे मी.

माझा थोरला भाऊ गणूदादा नुकताच वारला. त्याच्या दिवसांना आलेली माणसं डोळे पुसतात आणि पुन्हा पुन्हा हीच गोष्ट सांगायला लावतात. म्हणून सावकाश लिहूनच काढतो.

दादाला इंग्रजांच्या पलटणीत जायचं होतं. बापूस म्हणे, मग वल्हं कोण मारणार? (मी मारलं असतं, पण होडीत मी वाचत बसायचो.) अलिबागेला किनाऱ्यावर भरतीचा तंबू पडला. आदल्या खेपेला आमच्या थळ गावची दोन पोरं नजरेत नापास झालेली.

"तू शिकलेला हायस. नजर कशान जाते रं?" दादानं विचारलं.

मी पुस्तक उघडून निकाल दिला, "चकाकत्या समुद्रानं! डोळ्यांना विश्रांती द्या. पहाटेपासून ओली पट्टी बांधा."

भरतीच्या दिवशी पहाटे बापूस मासेमारीला गेला, तसे दादा आणि त्याचे तीन दोस्त कामाला लागले. पट्टीसाठी चौघांनी थेट कमरेला नेसलेले रुमाल सोडले!

"मेल्यांनो, डोल्यांना सावली नि कमरंला ऊन?" आई ओरडली आणि तिनं जुनं लुगडं फाडून दिलं.

ही डोळे बांधलेली वरात मी अलिबागेपर्यंत नेली. तंबूत डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या. आठही डोळे कोकमासारखे लाल, आणि धो धो वाहतायत!

"किती बोटं?"

"दोन!" "पाच!" "कुनाची बोटं?"

दादा म्हणाला, "सायेब, तुमी कुठं हाव?"

"अख्ख्या गावाला साथ आलीय!" डॉक्टर मागे सरकले. "चौघेही नापास!"

"दादा, पट्टी कशात भिजवलीस?" मी कुजबुजलो.

"दर्याच्या पान्यान. दारात दुसरा कंचा पानी हाय?"

(पुस्तकात नुसतं 'पाणी' होतं!)

मी डॉक्टरांचे पाय धरले. "साहेब, यांचे डोळे शाबूत आहेत. बिघाड माझ्या डोक्यात आहे. एकदा गोड्या पाण्यानं धुऊ द्या."

घागर रिकामी झाली. दादानं डोळे उघडले, समुद्राकडे पाहिलं आणि किंचाळला, "सायेब, बिगीबिगी पास करा! बापूस आला!"

"कुठाय?" डॉक्टरांना नुसता ठिपका दिसत होता.

"त्या शिडाखाली! मुंडासं सुटलंय, हातात वल्हं हाय."

डॉक्टरांनी दुर्बीण लावली. मुंडासं सुटलेलं, हातात वल्हं! बाकीच्या तिघांनी तर होडीतली मासळीसुद्धा ओळखली.

"चौघेही पास!" डॉक्टर गरजले.

होडी किनाऱ्याला लागेपर्यंत भरतीच्या कागदावर दादाचा अंगठा उठलासुद्धा. काय आरोळी दिली पोरांनी! सबंध किनारा दणाणला.

येणारा बापूस त्या दिवशी सगळ्यांना दिसला. मला मात्र तो दिसला वल्हं पाठीत बसल्यावर.