दसऱ्याला पहिल्या गिअरमध्ये उभी राहिलेली गाडी

"अहोऽऽ! गिअरमध्ये आहे ती! गिअरमध्ये आहेऽऽ!"

मनीषा, म्हणजे माझी बायको, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून इतक्या जोरात ओरडली की कुळगावातली निम्मी कबुतरं उडाली आणि उरलेली निम्मी बहिरी झाली. खाली पार्किंगमध्ये मी उभा. हातात रिमोट. बटण दाबून झालेलं. समोर आमची गाडी... आत कोणी नाही, चारही दारं लॉक, आणि इंजिन मस्त गुरगुरतंय. आणि गाडीच्या तोंडाशी, बंपर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, पाटावर बसलेली माझी आई. एक पाय मुडपलेला, एक लांब केलेला, हातात हळदीकुंकवाचं ताट.

थांबा. पहिल्यापासून सांगतो.

परवा आपल्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं, रिमोट स्टार्टर बसवतोय, गाडीला सेफ आहे का? खाली लोकांनी बॅटरी, वायरिंग, वॉरंटी, काय काय लिहिलं. मीही उत्तर लिहायला घेतलं आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढलं, म्हणून इथे अनुभवांच्या सदरात टाकतोय. माझा चमत्कारांवर, भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही हं. मी अमावास्येला मुद्दाम नखं कापतो. चिखलोलीकडे एका ओसाड इमारतीत काहीतरी दिसतं म्हणे, तिथे मी फ्लॅट बघायला गेलो होतो. घाबरलो खरा, पण ते बिल्डरने भाव सांगितल्यावर.

तर रिमोट स्टार्टर. बदलापूरच्या उन्हाबद्दल बाहेरच्यांना सांगून पटत नाही. ऑक्टोबरमध्ये आमच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या टपावर आंबोळी होते. मी टाकून बघितलेली नाही, पण झाली असती. स्टिअरिंगला हात लावला की हाताच्या रेषा पुसल्या जातात, ज्योतिषाचा धंदा बसेल. म्हटलं, घरातून बटण दाबावं, गाडी चालू व्हावी, एसी सुरू व्हावा, आणि आपण खाली उतरून कुलू-मनालीत बसावं.

उल्हासनगरला एका सिंधी सेठचं गाडीच्या सामानाचं दुकान आहे. त्याच्याकडे इतक्या वायरी लटकतात की अख्ख्या अंबरनाथला गुंडाळून वर गाठ मारता येईल. त्याने दुपारभर डॅशबोर्ड उचकटून स्टार्टर बसवला आणि रिमोट माझ्या हातात देताना म्हणाला, "साईं, एक बात ध्यान से सुनो. तुम्हारी गाडी मॅन्युअल है, और पुरानी है. क्लच का सेफ्टी स्विच इसमें है नहीं. गाडी हमेशा न्यूट्रल में छोडना, हँडब्रेक खींचके. गिअर में छोडी और बटन दबाया, तो गाडी मेंढक के माफिक कूदेगी."

"समझ गया सेठ," मी म्हटलं. आणि खरंच समजलो होतो. घरी येऊन मी रिमोटची बातमी वॉचमनला सांगितली, दूधवाल्याला सांगितली, ऑफिसात सांगितली. मेंढकाची गोष्ट तर अभिनयासकट सांगितली. मनीषाला सांगितली की नाही, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. मी म्हणतो सांगितली. ती म्हणते, "तुम्ही सांगितलेलं मी ऐकलं असतं तर लक्षात राहिलं असतं, कारण कामाचं काही तुम्ही क्वचितच सांगता."

हे महत्त्वाचं अशासाठी, की आमचं पार्किंग उताराचं आहे. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून बिल्डरने फरशी भिंतीकडे उतरती केली. पाणी काही तिकडे जात नाही, गाड्या जातात. त्यात आमचा हँडब्रेक नुसता शोभेचा. म्हणून गाडी घेतल्यापासून घरात एकच नियम, भिंतीकडे तोंड करून लावायची आणि पहिल्या गिअरमध्ये टाकून उतरायचं. नियम मीच केलेला. मनीषा तो श्रद्धेने पाळते. दसऱ्याच्या सकाळी ती झेंडूची फुलं आणायला गाडी घेऊन गेली, परत आली, आणि नियमाप्रमाणे पहिल्या गिअरमध्ये टाकून वर गेली.

मला वाटलं, गाडी रात्री मी लावलीय तशीच आहे. न्यूट्रलमध्ये, चाकांना विटा लावून. विटा जागेवर आहेत का, हे बघायचं सुचलं नाही.

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा आई करते. आई मुरबाडकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिच्या माहेरी बैलांपासून कोयत्यापर्यंत सगळ्यांना कुंकू लागायचं, आणि आई कुंकू लावताना प्रत्येकाशी बोलायची. ती सवय तिने बदलापुरातही सोडलेली नाही. मिक्सरशी बोलते. इन्व्हर्टरला तर ती दटावते. गाडीची पूजा मात्र समोरून, पाटावर बसून, नंबरप्लेटच्या वर स्वस्तिक काढून. एकदा बसली की गुडघ्यांमुळे तिला उठवायला दोन माणसं लागतात. तरी उभ्याने करणार नाही. आणि पूजेच्या वेळी गाडीची किल्ली ताटात पाहिजे, हळदीकुंकू वाहून.

त्या दिवशी अंबरनाथहून मेहुणा, मनीषाचा भाऊ, आला होता. नीलेश. एका कंपनीत मशीनच्या मेंटेनन्सचा इंजिनिअर. सगळ्या जगात काहीतरी सैल झालंय अशा नजरेने बघणारा माणूस.

"दाजी, हे खेळणं सेफ आहे का पण?" त्याने रिमोट बघून विचारलं.

"खेळणं? अरे, ह्याची रेंज कर्जतपर्यंत आहे!"

"म्हणजे कर्जतवरून गाडी चालू करून तुम्ही चालत येणार?"

सोसायटीतले चार लोक हसले. आता सांगा, माणसाने काय करायचं? शिवाय पूजा झाली की आईला घेऊन पालेगावला मावशीकडे सोनं द्यायला जायचं होतं. म्हटलं, आतापासून गाडी गार होऊ दे, आई आत बसली की नीलेशला म्हणावं, बघ. आणि मी बटण दाबलं.

त्याच क्षणी वरून ती आरोळी.

इथून पुढे मी एक अक्षरही फुगवत नाहीये. बायको शेजारी बसून वाचतेय.

माझ्या हातातून रिमोट सुटला, फरशीवर आपटला, झाकण एकीकडे आणि सेल घरंगळत गाडीखाली. म्हणजे बंद करायची सोय संपली. नीलेश पळत खिडकीशी गेला, काचेला नाक लावलं आणि पांढरा पडला. "दाजी... पहिला पडलाय. खरंच पहिला पडलाय." मीही बघितलं. लिव्हर वर, डावीकडे. स्पष्ट. इंजिन चालू. गाडी नुसती थरथरत होती, थंडी वाजल्यासारखी. पूजेसाठी चाकांखाली ठेवलेली लिंबं जशीच्या तशी.

आणि आई? आईचा डावा तळवा बॉनेटवर ठेवलेला, उजव्या हाताने स्वस्तिकाची शेवटची रेघ ओढत होती. ओठ हलत होते.

"आई, ऊठ!"

"आरती राहिलीय."

"आई, गाडी अंगावर येईल!"

"ओरडू नकोस रे पक्या. पूजेला बसलेय."

नीलेश भिंतीला चिकटून, पोट आत घेऊन तिच्यापर्यंत पोचला. किल्ली घ्यायला त्याने ताटात हात घातला, तर आईने त्याच्या हातावर चापट मारली. "तुमच्या जावईबापूंचं सोडा, तुम्ही तरी शहाणे आहात असं वाटलं होतं. पूजेतलं उचलायचं नाही मध्ये." पोटच्या पोराला जावई म्हणाली, म्हणजे घाबरल्यावर तिची नाती उलटीपालटी होतात असं मला वाटलं. मग लक्षात आलं, ती घाबरलेलीच नव्हती. ती माझ्या मेहुण्याची गंमत करत होती!

तिला ओढावं तर गुडघे. गाडी मागे खेचावी तर पहिला गिअर. आम्ही मागचा बंपर धरून लोंबकळलो खरे, पण त्याचा उपयोग शून्य होता. मग आईने आरती सुरू केली. सोसायटीतल्या कोणाला काय करावं सुचेना, तेव्हा सगळे टाळ्या वाजवायला लागले. इतकी घाबरट आरती मी जन्मात ऐकलेली नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका रडत रडत टाळ्या वाजवत होते. मनीषा जिने उतरत आली ती अनवाणी, आणि आईच्या बाजूला जाऊन तिच्या खांद्याला धरून बसली. मी म्हटलं, तू तरी बाहेर ये. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा जाऊन मागचा बंपर धरला.

सगळी गंमत एका बाजूला... दोन बायका माझ्या, आणि मध्ये हातभर जागा.

आरती संपली. आईने ताट मनीषाकडे दिलं, अजून तळवा बॉनेटवरच. "आता उचला," म्हणाली. मनीषाने आणि नीलेशने तिला काखेत धरून उठवलं, आडवं आडवं करत बाजूला आणलं. तिची बोटं बॉनेटवरून घसरत घसरत आली, हेडलाइटपाशी आली, आणि सुटली.

धाडकन!

गाडीने जी उडी मारली! चारही लिंबं फचाफच. बंपर भिंतीवर, आणि मध्ये सापडलेल्या पाटाचे दोन तुकडे. मग इंजिनाने एक उचकी दिली आणि बंद पडलं.

आई लिंबांकडे बघून म्हणाली, "फुटली. छान झालं."

पुढे काय सांगू? नीलेशने आठवडाभर डोकं खाजवलं. क्लच तपासला, गिअरबॉक्स तपासला. गिअर अर्धवट पडला असेल म्हणून लिव्हर हलवून हलवून बघितला. सगळं ठणठणीत. तो म्हणतो, "इंजिन चालू, गिअर पडलेला, क्लच सोडलेला. एक तर गाडी पळणार, नाही तर झटका खाऊन बंद पडणार. तिसरा प्रकार यंत्रात नसतो." मग आम्ही गाडी सेठकडे नेली. त्याने दुकानासमोरची गल्ली मोकळी केली, पहिला टाकला, रिमोटमध्ये नवा सेल घातला आणि बटण दाबलं. गाडी सुरू व्हायच्या आत उडाली.

"देखा साईं? मेंढक. ऐसा ही होता है."

"उस दिन क्यों नहीं हुआ?"

सेठने रिमोटमधला सेल काढून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "निकाल दूँ?"

काढून टाकला. तर ज्यांनी विचारलं त्यांना माझं उत्तर: गाडी ऑटोमॅटिक असेल तर चांगल्या माणसाकडून खुशाल बसवा. मॅन्युअल असेल आणि क्लचचा स्विच नसेल, तर उन्हात भाजा, पण बसवू नका. हँडब्रेक मी आता नवीन टाकलाय. आमची गाडी आरतीभर का थांबली, ते मात्र मला आजही माहीत नाही. नीलेशला नाही, सेठला नाही. तुमच्यात कोणी इंजिनिअर असेल तर खाली लिहा, मी वाचेन आणि वाद घालेन.

दसऱ्याच्या त्याच दुपारी आम्ही रिक्षाने पालेगावला गेलो. मावशीच्या ओसरीवर आई आपट्याची पानं वाटत बसली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि हळूच विचारलं, "आई, खरं सांग. तू गाडीला काय म्हणालीस?"

"काही नाही," ती म्हणाली. "म्हटलं, जरा दम धर. धरला तिने."