तारांकित पानं

गणिताला बाइंडरबाई जाम घाबरायच्या, आणि हे त्या कुणापासून लपवतही नसत. फाटकी पुस्तकं बांधून देणं हा त्यांचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत लांबलचक टेबल, खिडकीखाली पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, स्टुलावर खळीचं पातेलं आणि जिथे तिथे कागदाच्या कातरणी. वाचनालयाची, शाळांची, वकिलांची पुस्तकं त्यांच्या हातून गेली होती. त्यातलं एकही त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचलं नव्हतं. कुणी छेडलंच तर म्हणायच्या, "न्हावी काय लोकांच्या डोक्यात शिरतो का?"

त्यांना एकच लेक. पेन्सिली कुरतडायची म्हणून तिचं नाव पडलं खारू. खारूचे सांधे अधूनमधून सुजत. सुजले की जिना उतरवत नसे, पेन्सिल धरवत नसे. शाळेत हजेरीपेक्षा गैरहजेरीच जास्त व्हायला लागली, तेव्हा बाईंनी सरळ तिचं नाव काढलं आणि घरीच शिकवायचं ठरवलं. मोठी परीक्षा बाहेरून देता येत होती. भाषा, इतिहास, विज्ञान यांना त्या कशाबशा पुरून उरल्या. नववीचं गणित दारात येऊन उभं राहिलं तेव्हा मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण खारूला नेमकं तेच आवडायचं. खारूचे बाबा जहाजावर स्वयंपाकी, घरी यायचे ते पाहुण्यासारखे. म्हणजे गणिताचा मास्तर असणार होतं ते पुस्तकच. ते चुकीचं निवडलं तर पोरीची आवड मरेल आणि आपल्याला पत्तासुद्धा लागणार नाही, अशी बाईंनी धास्ती घेतली.

खारूचा मामा विमा कंपनीत होता. त्याचा विमा लोक घेत नसत, पण सल्ला तो दिल्याशिवाय राहत नसे. तो एक चकचकीत जाडजूड पुस्तक घेऊन आला. पानापानावर रंगीत चौकट, चौकटीत टोपी घातलेला पोपट, आणि पोपटाच्या तोंडी 'लक्षात ठेवा!'

"ताई, डोळे झाकून घे. सगळीकडे हेच चालतं."

"डोळे झाकून घ्यायला ते काय कडू औषध आहे?" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुस्तक कानाजवळ नेऊन फर्रकन पानं सोडली. मामाने कपाळावर हात मारला.

पण बाईंची स्वतःची एक रीत होती. आतलं कळत नसलं तरी पुस्तक कुणी कसं वापरलंय, ते त्यांना कडेवरून कळायचं. वाचनालयातून डागडुजीला आलेल्या गठ्ठ्यात याच पोपटाच्या पुस्तकाची जुनी प्रत होती. तिची कड सुरुवातीला थोडी मळलेली, मध्ये कोरी करकरीत, आणि शेवटी उत्तरांच्या पानांवर काळीकुट्ट. त्याच गठ्ठ्यात एक राखाडी पुस्तक होतं, ना चित्र ना रंग. त्याची कड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखी मळली होती. समासात पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं, 'का?' आणि त्याच्याच खाली, वेगळ्या अक्षरात, 'आता कळलं.' अशी खूण बऱ्याच पानांवर होती. एरवी असलं लिखाण बाई खोडरबराने पुसून मगच पुस्तक परत देत. या खेपेला त्यांनी खोडरबर खाली ठेवला.

त्यांनी दोन्ही पुस्तकं खारूपुढे टाकली. "ऋण गुणिले ऋण धन का होतं, ते दोन्हीकडे बघून सांग."

पोपट एका ओळीत मोकळा झाला होता. राखाडी पुस्तक आधी विचारत होतं, 'हे खरे आहे असे तुम्हांस का वाटते?' आणि मग वाचणाऱ्याचं प्रत्येक उत्तर खोडून काढत दोन पानं हटून बसलं होतं. खारूने ती दोन पानं वाचली, परत वाचली. "आई, हे पुस्तक भांडतं गं माझ्याशी!" तिचे डोळे लकाकत होते.

पुस्तक ठरलं. वाचनालयाच्या बाई ती प्रत तशीही रद्दीत काढणारच होत्या, ती त्यांनी आनंदाने देऊन टाकली.

पहिल्याच प्रकरणाच्या शेवटी तारांकित उदाहरणं आली. आकड्यापुढे तारा असला की उदाहरण अवघड, असा त्या पुस्तकाचा इशारा. लागोपाठच्या तीन संख्यांचा गुणाकार सहाने भागला जातोच, तो का? खारू दुपारभर अडून बसली. जेवली नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी तिची बोटं सुजली. गणिताने बोटं सुजत नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलं असतं. पण बाईंनी डॉक्टरांना विचारलंच नाही. त्यांनी स्वतःच्या मनाला विचारलं. त्या मनात एक मुलगी हातात खडू घेऊन फळ्यापुढे उभी होती. घंटा होईपर्यंत मास्तरांनी तिला तसंच उभं ठेवलं होतं आणि मागे अख्खा वर्ग हसत होता.

मग त्यांनी एक काम केलं, जे बाइंडरलाच सुचावं. जाड पुस्तक खारूच्या मनगटांना पेलत नाही, हे खरंच होतं. म्हणून त्यांनी ते उसवलं, त्याचे जुज, म्हणजे एकात एक घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सुटे केले आणि प्रत्येक प्रकरणाचं हलकं पातळ पुस्तक शिवलं. शिवताना पहिलं प्रकरण सोडून बाकी सगळ्यांतली तारांकित पानं अलगद बाजूला काढली, आणि अळीमिळी गुपचिळी पुठ्ठ्यांच्या थप्पीखाली ठेवून दिली.

खारू भराभर पुढे गेली. जेवण वेळेवर, झोप वेळेवर, रडणं नाही. बाई खूश होत्या. पण हळूहळू पोरगी उदाहरणं सोडवता सोडवता खिडकीबाहेर बघायला लागली. पेन्सिली कुरतडायची थांबली, हे बाईंच्या आधी मामाच्या लक्षात आलं. एक दिवस ती म्हणाली, "आई, मामाचं पोपटवालंच दे. काय फरक पडतो? हे पण आता भांडत नाही."

ते वाक्य बाईंच्या वर्मी लागलं. पोरीच्या आवडीच्या ज्या मरणाची धास्ती घेतली होती, ते आपल्याच हाताने चाललं होतं की काय? पण कबूल करायला तोंड उघडेना.

शेवटी पुस्तकानेच चहाडी केली. वर्तुळाच्या प्रकरणात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'मागील प्रकरणाच्या तारांकित उदाहरणात सापडलेला बिंदू घ्या.' खारूने मागचं प्रकरण उलटंपालटं केलं. मग शिवणीवर बोट फिरवलं. बाइंडरच्या घरात वाढलेली ती, जुज हलका लागतोय हे तिला बोटानेच कळलं.

"आई, यातली पानं कुठायत?"

"जुनं पुस्तक ते. गळाली असतील."

"तुझ्या हातून पान गळतं?"

बाईंनी खळीचं पातेलं उगीचच ढवळलं. मग पुठ्ठ्यांची थप्पी उचलली आणि पानं लेकीपुढे ठेवली. "मी काढली. तू अडलीस की मला बघवत नाही गं. मला माझं ते फळ्यापुढचं आठवतं, मागे अख्खा वर्ग हसत होता ते. तुला तसं उभं नव्हतं करायचं मला."

खारू रागावली. चांगलीच रागावली, पानं उचलून दुसऱ्या खोलीत गेली. बाई टेबलाशी बसून राहिल्या, हातात सुई, सुईत दोरा नाही. थोड्या वेळाने पोरगी परत आली आणि शेजारी बसली.

"मला कुणी उभं नाही केलंय, आई. मी आपणहून उभी आहे. आणि मागे कुणी हसत नाहीये." मग आईच्या सुईत दोरा ओवून देत, "रडले तर रडू दे की. जेवायला मात्र हाक मार."

"येशील?"

"बघू."

उदाहरण असं होतं, की त्रिकोणाच्या तिन्ही कोनांचे दुभाजक एकाच बिंदूत मिळतात, ते का? खारू अडली. एक दिवस गेला, दुसरा गेला. बाई शेजारी बसून शिवत होत्या आणि जीव मुठीत धरून होत्या. हात स्वस्थ बसेना म्हणून त्यांनी कातरणीतला एक त्रिकोण उचलला, एक बाजू शेजारच्या बाजूवर आणून घडी दाबली, मग दुसरी, मग तिसरी. उलगडून बघतात तो तिन्ही घड्या एकाच ठिपक्यात.

"अगं, मिळतात की! हे बघ!"

"मिळतात हे माहितीये गं," खारू हसली. "का मिळतात?"

बाई घडीकडे बघत राहिल्या. "हो की," त्या म्हणाल्या. "का बरं?"

आणि तो 'का' काही केल्या जाईना. भांडी घासताना, खळ शिजवताना तो ठिपका डोळ्यांपुढे. कागद टाकून द्यायचंही त्यांच्या जिवावर आलं. खारूच्या आधी त्या विचारायला लागल्या, "सुटलं का?" आणि नाही म्हटलं की खट्टू व्हायच्या. खारूच्या मात्र पेन्सिली पुन्हा कुरतडलेल्या दिसायला लागल्या.

एका सकाळी खारूची हाक आली. बाई ओल्या हातांनीच धावल्या.

"हे बघ. या घडीवरचा कुठलाही ठिपका घे. या दोन बाजूंपासून तो सारख्याच अंतरावर. पटलं?"

"घडी घातली की बाजू बाजूवर बसते. म्हणजे सारख्याच."

"आणि या घडीवरचा, त्या दोन बाजूंपासून सारखा. आता जो ठिपका दोन्ही घड्यांवर आहे..."

बाईंनी तिचा हात धरला. "थांब. सांगू नकोस." त्यांनी कागद हातात घेतला, एका बाजूवरून दुसरीवर बोट नेलं, दुसरीवरून तिसरीवर. ओठ हलत होते. "तो तिघींपासून सारखा. मग त्याला तिसऱ्या घडीवर असायलाच लागतं... जातो कुठे!"

"तेच!" खारू ओरडली, आणि बाईंना एकदम रडू आलं. खारूने त्यांना रडू दिलं.

दुपारी बाई ते सुटं पान परत शिवायला बसल्या. समासात जुनी पेन्सिल होतीच. 'का?' आणि खाली, 'आता कळलं.' सवयीने त्यांचा हात खोडरबराकडे गेला. मग त्यांनी खारूची कुरतडलेली पेन्सिल घेतली आणि त्या दोन ओळींच्या खाली, आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या पुस्तकावर, लिहिलं, 'मलाही.'