सगुणाबाईचा हट्ट

सत्त्याऐंशी साली नागनाथ मुंबईहून परतला तेव्हा येलदरीच्या वसाहतीत पेढे वाटले गेले. वीजघरातला हा धिप्पाड ऑपरेटर लिव्हरच्या कॅन्सरमधून वाचला होता. गाठीसकट लिव्हरचा तुकडा कापून काढला, आता माणूस बरा झाला, असं जो तो म्हणत होता.

डॉक्टरांनी मात्र त्याच्या बायकोला, सगुणाबाईला, निघताना बजावलं होतं, "गाठ पूर्ण निघालीय. पण जुन्या काविळीनं उरलेलं लिव्हरही खराब आहे. त्यात नवी गाठ येऊ शकते. लहान असताना सापडली तर इलाज होतो. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करा."

दोन वर्षं ते नेमानं औरंगाबादला गेले. तपासणी जवळ आली की नागनाथ जेवायचा नाही, बोलायचा नाही. रिपोर्ट चांगला आला की परतीच्या एस.टी.त घोरायचा. हळूहळू अंग भरलं, चेहऱ्यावर तेज आलं. अन् एका खेपेला तो अडूनच बसला.

"मी न्हाई येत. दर खेपेला फाशीचा निकाल ऐकायला जायचं का? मला काय बी होत न्हाई."

"काय होत न्हाई तवरच जायचं, असं डॉक्टर बोलले."

"मी मरायची घाई झाली का तुला?"

भाकरी थापणारा सगुणाबाईचा हात थांबला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत त्यांचं गावातलं घर जाळलं होतं, तेव्हापासून ते येलदरीला होते. ती म्हणाली, "घर जळाल्यावर वर्षभर तुमी उशाला काठी घेऊन निजायचात. पुन्हा कुणी आलं न्हाई. मंग ते जागणं येडेपणा होता का?"

नागनाथ बाहेर निघून गेला. सकाळी शर्ट घालून दारात उभा राहिला. "चल. पण रिपोर्ट तूच घे."

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांचा हात एरवी सरसर फिरायचा. आज तो परत परत बरगडीखालच्या एकाच जागेवर येत होता. नागनाथ छताकडं बघत होता. सगुणाबाई त्या हाताकडं.

"श्वास धरा. अजून एकदा."

मग डॉक्टर हळूच म्हणाले, "डाग दिसतोय. बोराएवढा."

बाहेर बाकावर नागनाथ दात खाऊन म्हणाला, "झालं तुझं समाधान?"

 मुंबईची गाडी किती वाजता, ते विचारायला ती उठली.

मुंबईच्या डॉक्टरांनी पुन्हा चिरफाड करायला नकार दिला. उरलेलं लिव्हर ते सोसणार नव्हतं. बारीक सुईनं गाठीत अल्कोहोल सोडून ती जाळायची, असं ठरलं. पद्धत नवी, खात्री कुणीच देईना.

"जन्मात दारूला शिवलो न्हाई," नागनाथ म्हणाला, "अन् आता थेट लिव्हरात!"

डॉक्टर हसले. सगुणाबाईला हसू आलं नाही. आतून त्याचं कण्हणं ऐकू आलं की ती जिन्यात जाऊन बसायची. सुया बऱ्याच दिवस चालल्या. शेवटी गाठ मेली. बाकावरचं ते बोलणं नागनाथच्या मनातून गेलं नव्हतं, एस.टी.त बसल्यावर त्यानं तिचा हात धरला अन् परभणी येईस्तोवर सोडला नाही.

पुढं आणखी एक डाग निघाला. तोही लहान होता, तोही जाळला. चौऱ्याण्णवला विद्यापीठाचं नाव बदललं, त्या दिवशी वसाहतीत गुलाल उधळला तो नागनाथनं. तपासणीला आता तो स्वतःच पिशवी भरायचा. रिपोर्ट मात्र अजूनही सगुणाबाईच घ्यायची.