शेवंतीचे दोनशे बारा फॉर्म

शेवंती खरातचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. आमच्या घाटकोपरच्या डोंगरावर नळाला पाणी तेव्हाच येतं. पाणी भरून, डबा करून ती सहाला पायऱ्या उतरायची. कामगार माणूस घरी सापडतो तो ड्युटीवर जाण्याआधी. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

काम फॉर्म भरण्याचं. एका संशोधन संस्थेचा अभ्यास होता: वेगवेगळ्या जातीधर्मांची, प्रांतांची माणसं नोकरीत कुठून सुरुवात करतात आणि कुठवर चढतात. बहात्तर प्रश्न. शेवंती बारावी पास, मूळची जालन्याची, संस्थेत नऊ वर्षं रोजंदारीवर. या अभ्यासानंतर फॉर्म भरणाऱ्यांतल्या एकाला कायम करू, असं अभ्यासाच्या प्रमुख अनुपमा मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. शेवंतीला ती जागा हवी होती. तिने ते लपवलं नाही.

काही जण कुर्ल्याला टपरीवर बसून मनानेच फॉर्म भरायचे. शेवंती मात्र एकच प्रश्न राहिला म्हणून जोगेश्वरीत त्याच घरी तिसऱ्यांदा गेली होती. मी तिचा शेजारी, तीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर उभा राहिलो. काम करणारा हात मला कळतो.

तिची एक पद्धत होती. दारात आधी प्यायला पाणी मागायचं, आणि आडनाव सांगायचं नाही. "मी जालन्याची ताई," एवढंच.

"आडनाव का नाय सांगत गो?" मी एकदा विचारलं.

"लवूकाका, खरात म्हटलं की माणूस आधी माझी जात ठरवतो, मग उत्तर ठरवतो. काही जण तर पाण्याचा तांब्या परत आत नेतात. मग बहात्तर प्रश्न विचारू कुणाला, कडीला?"

फॉर्मखाली मात्र ती पूर्ण नावाची सही करायची. तिथेच घात झाला. तपासणीसाठी ऑफिसातून लोकांना फोन गेले: "शेवंती खरात तुमच्याकडे आल्या होत्या का?" लोक म्हणाले, "नाही बुवा, या नावाचं कुणी आलं नाही." दोनशे बारा फॉर्म खोटे ठरले. टपरीवर बसून फॉर्म भरणाऱ्यांनी ओळखीपाळखीचे नंबर दिले होते. ते सगळे पास.

ती मॅडमकडे गेली. "जालन्याची ताई आली होती का, असं विचारा ना मॅडम. सगळे हो म्हणतील."

"असं नसतं गं शेवंती. नियम सगळ्यांना एकच. हवं तर पुन्हा भरून आण. या वेळी नाव सांगून."

आमच्या कारखान्यातही असाच एक इन्स्पेक्टर होता. मापाचं गेज न लावताच तयार जॉब रिजेक्ट करायचा.

ती पुन्हा निघाली. तीच दोनशे बारा घरं. दारात पूर्ण नाव सांगायची. एकशे एक्याऐंशी घरांनी पुन्हा उत्तरं दिली. एकतीस घरांनी दिली नाहीत. एक बाई, जिने मागच्या खेपेला पोहे खाऊ घातले होते, ती म्हणाली, "अय्या, तू खरात होय? तेव्हा बोलली नाहीस ते! आता नको, घाईत आहे मी." त्या एकतीस फॉर्मांवर शेवंतीने समासात तारीख, वेळ आणि कोण काय बोललं ते शब्दन् शब्द लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं तरी लिहिलं.

सगळं नेऊन दिलं तेव्हा जागा भरून झाली होती. पुण्याहून एक एम.ए. झालेली मुलगी आली होती. जोगेश्वरीची एक गल्ली न पाहिलेली.

"तुझे फॉर्म उशिरा आले ना," मॅडम म्हणाल्या.

वर्षाने पुस्तक निघालं. त्यातलं चौथं प्रकरण सगळ्यांना आवडलं म्हणे. विचारणाऱ्याचं आडनाव कळलं की उत्तरं कशी बदलतात, दारं कशी मिटतात, यावर ते होतं. एकतीस घरं, तारीखवार. पोहेवालीचं वाक्य जसंच्या तसं. आभाराच्या पानावर पुण्याच्या मुलीचं नाव होतं. खाली एक ओळ: 'तसेच सर्व क्षेत्रीय कर्मचारी.'

"जाळ ते," मी म्हणालो.

"का म्हणून? माझी एकतीस दारं आहेत त्यात."

संस्थेने तिला प्रत दिली नव्हती. दुसऱ्या फेरीची मजुरी आठ महिन्यांनी हातात आली होती, ती तिने तशीच ठेवली होती. त्यातून तिने ते पुस्तक विकत घेतलं.